त्वचेची निगा

त्वचेची निगा : त्वचा मऊ, लवचिक, ओलसर व रोगमुक्त राहावी म्हणून पाणी, तेल, तूप, वनस्पतींची चूर्णे व रस इ. नैसर्गिक पदार्थांचा बाहेरून केलेला उपयोग आणि त्यास पूरक असा आहार व दिनक्रम यांना स्थूलमानाने त्वचेची निगा असे म्हणता येईल. सौंदर्यप्रसाधनाशी या विषयाचा निकटचा संबंध असला, तरी त्याचे खरे महत्त्व आरोग्याच्या दृष्टीने आहे. अपुऱ्या दिवसांचे अर्भक, वृद्ध, मधुमेही व कुष्ठरोगाने ज्यांची संवेदना नष्ट झाली आहे असे रुग्ण यांच्या बाबतीत त्वचेचा कोरडेपणा ही केवळ दिसण्याची बाब राहत नाही. भेगांवाटे सूक्ष्मजंतूंचा शिरकाव होऊन अवयव व प्रसंगी प्राणही धोक्यात येतात. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असा जो समज सर्वत्र आढळतो तो मात्र बरोबर नाही. मोहरीचे तेल, लिंबाचा रस व बावची ही तिन्ही नैसर्गिकच आहेत आणि तिन्हींमुळे त्वचेस इजा होऊ शकते.

ओलाव्याची यंत्रणा : प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सु. १·५ ते २ चौ. मी. असते. तिच्या बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे शृंगस्तर होय. तळहात व तळपाय वगळता त्याची जाडी मिलिमीटरच्या सु. पन्नासाव्या भागाएवढीच असते. परंतु शरीरातील पाणी आत राखण्याचे काम मुख्यतः हाच थर करतो. त्यातील कोशिका मृत, चपट्या व प्रथिनांनी भरलेल्या असून त्यांच्यामधील फटी सेरामाइडे, कोलेस्टेरॉल व मुक्त वसाम्ले यांच्या मिश्रणाने बुजलेल्या असतात. विटा व त्यांना सांधणारा चुना अशी या रचनेला उपमा दिली जाते व ती समर्पक आहे. विटा शाबूत असून चुना झिजला, तर भिंतीतून जशी ओल पाझरते, तसेच हा स्निग्ध भाग धुऊन निघाला म्हणजे आतील पाणी बाहेर उडून जाऊ लागते. निरोगी प्रौढ माणसाच्या त्वचेतूनही, घाम न येता, दररोज सु. ३०० ते ४०० मिलि. पाण्याचे बाष्पीभवन होत असते. याखेरीज शृंगस्तराच्या कोशिकांमध्ये अमिनो अम्ले, लॅक्टेटे, यूरिया इत्यादींचा पाणी धरून ठेवणारा एक नैसर्गिक साठा असतो. त्याचा मोठा भाग फिलॅग्रिन या प्रथिनाच्या विघटनातून निर्माण होतो. हे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात आनुवंशिक दोष असल्यास त्वचा जन्मभर रुक्ष राहते आणि इसब होण्याकडे कल वाढतो, असे २००६ मध्ये दिसून आले. काही घराण्यांत कोरडी, खवल्यांची त्वचा पिढ्यानुपिढ्या का आढळते, याचा उलगडा त्यामुळे झाला.

त्वचेचा मऊपणा तेलावर अवलंबून असतो की पाण्यावर, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिन ब्लँक यांनी १९५२ मध्ये एका साध्या प्रयोगाने दिले. तळपायाच्या घट्ट्याचा वाळलेला तुकडा त्यांनी तेलात बुडवून ठेवला. तो तसाच कडक व ठिसूळ राहिला. तसाच तुकडा पाण्यात ठेवताच लवचिक झाला. शृंगस्तरातील पाण्याचे प्रमाण सु. १० टक्क्यांच्या खाली गेले की तो ठिसूळ होतो व त्याला भेगा पडतात. यावरून तेल त्वचेला स्वतः ओलावा देत नाही, तर असलेला ओलावा उडू देत नाही, हे स्पष्ट झाले. पूर्ण कोरड्या अंगावर तेल चोपडण्यापेक्षा स्नानानंतर अंग टिपून, ते ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत तेलाचा पातळ थर देणे अधिक गुणकारी ठरते ते यामुळेच.

स्नान व स्वच्छता : त्वचेच्या पृष्ठभागाचे पीएच मूल्य सामान्यतः ४·५ ते ५·५ असते, म्हणजे ती किंचित अम्लधर्मी असते. शाडे व मार्क्योनीनी या जर्मनीतील संशोधकांनी १९२८ मध्ये या आवरणास ‘अम्लप्रावरण’ अशा अर्थाचे नाव दिले. उपद्रवी सूक्ष्मजंतूंच्या वाढीस या अम्लतेमुळे आळा बसतो. तसेच कोशिकांमधील स्निग्ध द्रव्ये तयार करणारी एंझाइमेही अम्लधर्मी परिस्थितीतच नीट कार्य करतात. नेहमीच्या साबणाच्या फेसाचे पीएच मूल्य ९ ते १० असते. निरोगी त्वचा काही तासांत आपली अम्लता परत मिळवते. परंतु वारंवार साबण वापरणाऱ्यांच्या, विशेषतः दिवसभर भांडी व कपडे धुणाऱ्यांच्या हातांना ती उसंत मिळत नाही. अशा हातांना प्रथम रुक्षता, मग भेगा व शेवटी चिवट इसब होतो. अतिशय कढत पाणीही त्वचेतील स्निग्ध भाग काढून टाकते. हिवाळ्यात कढत पाण्याने बराच वेळ केलेले स्नान सुखकारक वाटले, तरी म्हातारपणी होणारी हिवाळी खाज पुष्कळदा त्याचाच परिणाम असते. कोमट पाण्याने थोडक्या वेळात केलेले स्नान आणि साबणाचा उपयोग काखा, जांघा, पाय व मळलेले भाग यांपुरताच, हा नियम कोरड्या त्वचेच्या माणसांना हितावह ठरतो.

साबणाचा प्रसार होण्यापूर्वी आपल्याकडे शिकेकाई, रिठा, डाळीचे पीठ व निरनिराळी उटणी वापरीत. शिकेकाई व रिठा यांत सॅपोनीन ही फेस आणणारी द्रव्ये असतात. शिकेकाईचे पाणी साबणाप्रमाणे क्षारीय नसून अम्लधर्मी असते, हा तिचा मोठा गुण होय. मात्र डोळ्यांत गेल्यास ती झोंबते. हरभऱ्याचे वा मसुरीचे पीठ मळ व तेल शोषून घेते. दिवाळीतील अभ्यंगस्नानाच्या उटण्यात चंदन, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, गुलाबपाकळ्या इ. द्रव्ये असतात. तेल लावून मग उटणे चोळण्याच्या या क्रमात जादा तेल निघते व थोडे अंगावर राहते. कोरड्या अंगावर नुसते उटणे खरवडून लावल्यास हा लाभ होत नाही. मुलतानी मातीचा लेप तेलकट त्वचेला मानवतो, पण रुक्ष त्वचेतील उरलासुरला स्निग्धांशही तो ओढून घेतो. साय वा दूध यांत कालवून लावण्याची जुनी रीत त्या दृष्टीने योग्य म्हणावी लागेल.

अभ्यंग : अंगास तेल चोळण्यास आयुर्वेदात अभ्यंग म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात त्याचे वर्णन आले असून तेल मुरवलेला घडा, तेल चोळलेले कातडे व वंगण दिलेला गाड्याचा आस यांचे दृष्टांत तेथे दिले आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अभ्यंगाचा दिनचर्येत समावेश असून डोके, कान व पाय यांकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले आहे. कफप्रधान विकार, अजीर्ण आणि नुकतेच शोधन झालेले असणे या अवस्थांत मात्र अभ्यंग निषिद्ध मानला आहे. या ग्रंथांत तेल म्हणजे मुख्यतः तिळाचे तेल होय. महाराष्ट्रात बाळंतीण व तिचे मूल यांना तेल लावून न्हाऊमाखू घालण्याची प्रथा घरोघरी होती व पुष्कळ ठिकाणी आजही आहे. कोकणात व गोव्यात नारळाचे तेल, तर देशावर तीळ व करडई यांची तेले वापरात आली, ती जवळ जे पिकते त्यावरून.

तेलांची गुणवत्ता त्यांतील वसाम्लांवर अवलंबून असते. जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात उंदरांना वसारहित आहार देऊन पाहिला. उंदरांची त्वचा खवल्यांनी भरली, शेपटीला भेगा पडल्या आणि ते नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पिऊ लागले, कारण त्यांच्या त्वचेतून पाणी निसटत होते. लिनोलीइक अम्ल आहारात घालताच ही लक्षणे नाहीशी झाली. आतड्यांच्या विकारामुळे अन्नातून हे अम्ल न मिळणाऱ्या रुग्णांच्या त्वचेवर सूर्यफुलाचे तेल चोळल्यास त्यांच्या शरीरातील उणीव भरून निघते, असे १९७४ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले. याउलट ओलीइक अम्ल मोठ्या प्रमाणात असलेली तेले शृंगस्तरातील स्निग्ध थरांची मांडणी सैल करतात. ऑलिव्ह तेलाची कीर्ती फार मोठी असली, तरी ते याच गटातील आहे व निरोगी माणसांच्या त्वचेवरही त्याने संरक्षक थर दुबळा झाल्याचे २०१३ मध्ये आढळून आले. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलीइक अम्ल सु. ७५ टक्के असते. तिळाच्या तेलात लिनोलीइक व ओलीइक ही दोन्ही अम्ले जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात. नारळाच्या तेलात लिनोलीइक अम्ल अगदीच थोडे, पण जवळजवळ निम्मा भाग लॉरिक अम्लाचा असतो. काही सूक्ष्मजंतूंना ते मारक आहे. रुक्ष त्वचेवर नारळाचे तेल व खनिज तेल यांची तुलना करता दोन्ही सारखीच उपयुक्त ठरल्याचे फिलिपीन्समधील एका चाचणीत (२००४) दिसून आले. सूर्यफूल व करडई यांचे ओलीइक अम्ल वाढविलेले नवे वाण तळणासाठी सोयीचे असले, तरी त्वचेसाठी जुन्या वाणांची जागा ते घेऊ शकत नाहीत. त्यामुळे केवळ तेलबियांच्या नावावर विसंबून भागत नाही.

अर्भकाची त्वचा : पूर्ण दिवसांचे अर्भक जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर पांढरा, लोण्यासारखा लेप असतो. त्यात सु. ८० टक्के पाणी व उरलेला भाग प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचा असतो. हा लेप घाण समजून पुसून टाकण्याची घाई होत असे. वस्तुतः तो अर्भकाचे रक्षणच करतो. जागतिक आरोग्य संघटनेने पहिले स्नान निदान २४ तास लांबवावे असे सुचविले आहे. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचा शृंगस्तर पुरता तयार झालेला नसतो. त्याच्या त्वचेतून पाणी प्रौढाच्या कित्येक पटींनी उडते, त्याबरोबर शरीराची उष्णता जाते आणि जंतूंना वाट मोकळी राहते. बांगला देशातील ढाका येथील बालरुग्णालयात ३३ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अर्भकांच्या अंगावर दिवसातून काही वेळा सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावण्यात आले. तेल न लावलेल्यांच्या तुलनेने त्यांच्यात रुग्णालयातील जंतुसंसर्गाचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी भरले (२००५) व मृत्यूंचे प्रमाणही सु. एक चतुर्थांशाने घटले (२००८). एवढ्या स्वस्त व साध्या उपायाने इतका फरक पडावा, ही वैद्यकाच्या इतिहासात विरळा घडणारी गोष्ट होय. नंतर जागतिक आरोग्य संघटनेने कमी दिवसांच्या वा कमी वजनाच्या अर्भकांसाठी तेल लावण्याचा विचार करावा, अशी सशर्त शिफारस केली (२०२२). तेल लावल्याने भरल्या दिवसांच्या निरोगी मुलांतील इसब मात्र टळत नाही. ब्रिटनमध्ये १,३९४ बालकांवरील चाचणीत जन्मल्यापासून वर्षभर स्निग्ध लेप लावूनही इसबाचे प्रमाण कमी झाले नाही. उलट त्वचेचे संसर्ग किंचित वाढलेले दिसले (२०२०).

तेलाची निवड येथे निर्णायक ठरते. उत्तर भारत व नेपाळमध्ये अर्भकांना मोहरीचे तेल लावण्याची चाल सार्वत्रिक आहे. या तेलातील झणझणीत द्रव्य त्वचेचा दाह करते. उंदरांवरील प्रयोगांत सूर्यफुलाच्या तेलाने खरवडलेल्या त्वचेचा संरक्षक थर लवकर भरून आला, तर मोहरी, ऑलिव्ह व सोयाबीन यांच्या तेलांनी तो भरून येण्यास उशीर लागला (२००२). दुसरा धोका भेसळीचा. पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखेच दिसते व त्याचे तेल मिसळल्याने जलशोथाची साथ उद्‌भवते. दिल्लीत १९९८ मध्ये अशी मोठी साथ आली होती. असे तेल नुसते अंगाला चोळल्यानेही विषबाधा झाल्याची उदाहरणे १९८५ मध्ये नोंदली गेली आहेत. त्वचेतून तेल शरीरात शोषले जाते, या वस्तुस्थितीची ही दुसरी व भयंकर बाजू होय.

न्हाऊ घालण्याच्या पद्धतीतील काही गोष्टी सोडून देणेच इष्ट आहे. अंगावरील लव जावी म्हणून कणकेचा गोळा किंवा डाळीचे पीठ रगडल्याने अर्भकाच्या नाजूक त्वचेला ओरखडे पडतात. नाकात व कानात तेल सोडणे धोक्याचे असते. नाकातील तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून दीर्घकाळ टिकणारा न्यूमोनिया होतो. मात्र ओंजळभर कोमट तेल हाताला लावून सावकाश केलेला अंगमर्द आणि त्या वेळचा आईचा वा आजीचा सहवास यांचे मूल्य कोणी नाकारलेले नाही.

घृते व घन वसा : आयुर्वेदातील शतधौत घृत हा त्वचेच्या लेपाचा एक अतिशय कल्पक प्रकार आहे. तांब्याच्या पात्रात गाईचे तूप घेऊन त्यात थंड पाणी घालतात, हाताने फेटून वरचे पाणी ओतून देतात व ही क्रिया शंभर वेळा करतात. तुपाचा पिवळा रंग, वास व रवाळपणा जाऊन पांढरा, मऊ, लोण्यासारखा पदार्थ तयार होतो. तुपात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब अडकून राहिल्याने हे घडते. म्हणजे आधुनिक परिभाषेत तो तेलात पाणी विखुरलेला पायस होय. दाह व भाजणे यांवर तो वापरला जातो. ताज्या व खोल भाजलेल्या जागी मात्र कोणतेही तूप वा तेल लावू नये, ती जागा प्रथम सु. २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावी. ग्रीक वैद्य गेलेन याच्या नावाने ओळखला जाणारा मेण, ऑलिव्ह तेल व गुलाबपाणी यांचा लेपही याच तत्त्वावर आधारलेला आहे. एकमेकांपासून दूरच्या दोन वैद्यकपरंपरा सारख्याच युक्तीपर्यंत पोहोचल्याचे हे उदाहरण लक्षणीय आहे.

कोकणातील कोकमाच्या बियांपासून निघणारी वसा (कोकंबेल, मुठेल) थंडीत मेणाप्रमाणे घट्ट असते व सु. ४०° से. तापमानास वितळते. तिचे मुठीच्या आकाराचे गोळे बाजारात मिळतात. टाचांच्या भेगा व फुटलेले ओठ यांवर ती गरम करून लावतात. त्वचेच्या उष्णतेने ती पूर्णपणे वितळून जात नाही. म्हणून पातळ तेलापेक्षा ती भेगेत जास्त वेळ टिकते. भेगा बुजवण्यापूर्वी पाय कोमट पाण्यात भिजवून वज्रीने वरचा निबर भाग हलकेच घासून काढावा लागतो, अन्यथा वसा कडक कातडीवर नुसतीच बसून राहते.

जलधारक द्रव्ये व फळांचे रस : ग्लिसरीन व मध ही पाणी ओढून धरणारी द्रव्ये आहेत. साबणाच्या कारखान्यांत जोडपदार्थ म्हणून मिळणारे ग्लिसरीन स्वस्त व निर्धोक असून त्यात पाणी मिसळून ते वापरतात. हवा फार कोरडी असताना निव्वळ ग्लिसरीन लावल्यास ते त्वचेच्या आतील थरांतीलच पाणी ओढते. म्हणून त्यावर तेलाचा हात फिरवणे बरे. कोरफडीच्या गरात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी व उरलेल्या भागात बहुशर्करा असतात. त्याने थंडावा वाटतो, पण पाणी उडून गेल्यावर फारसे काही मागे राहत नाही. पानाच्या सालीलगतचा पिवळा, कडू चीक मात्र काढून टाकला पाहिजे, कारण त्यामुळे खाज सुटते. ओटचे बारीक पीठ पाण्यात कालवून लावल्यास खाज शमते. अमेरिकेच्या शासनाने २००३ मध्ये त्याला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली.

लिंबाचा रस चेहऱ्यास लावण्याचा उपदेश वारंवार केला जातो. या रसाचे पीएच मूल्य सु. २ असते. त्वचेच्या सौम्य अम्लतेशी त्याची तुलना होऊ शकत नाही. शिवाय लिंबाच्या सालीतील फ्युरोकुमारीन द्रव्ये उन्हाच्या संपर्काने त्वचा भाजतात व महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग मागे ठेवतात. बावचीच्या बियांत याच जातीचे सोरालेन असते. कोडावर तिचा उपयोग प्राचीन काळापासून होत आला आहे, पण मात्रा व ऊन यांचा मेळ चुकल्यास फोड येतात. हळदीचा लेपही सर्वांनाच मानवतो असे नाही. काहींना त्याची अधिहृषता (अ‍ॅलर्जी) असते. गोरेपणा देणाऱ्या, वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या काही लेपांत पारा व स्टेरॉइडे आढळली आहेत. स्टेरॉइडांच्या दीर्घकाळ वापराने चेहऱ्याची त्वचा पातळ, लाल व केसाळ होते आणि लेप थांबवताच तिची आग होते.

आहार व पाणी : भरपूर पाणी प्याल्याने त्वचा टवटवीत होते, ही समजूत अर्धवट खरी आहे. अतिसारासारख्या विकारात शरीर शुष्क झाल्यास त्वचेची चिमूट सोडल्यावरही उभी राहते. पण शरीरात पाणी पुरेसे असताना अधिक पाणी प्याल्याने शृंगस्तराच्या ओलाव्यात विशेष भर पडते, असे मानण्यास भक्कम पुरावा नाही. तो ओलावा आतील पुरवठ्यापेक्षा बाहेरील बंदोबस्तावर अधिक अवलंबून असतो.

आहारातील उणिवांचा परिणाम मात्र त्वचेवर स्पष्ट उमटतो. कोपर, गुडघे व ढुंगण यांवर बेडकाच्या कातडीसारखे खडबडीत काटे उठण्याच्या विकाराचे वर्णन निकोल्स यांनी १९३३ मध्ये श्रीलंकेत केले. आरंभी तो केवळ अ जीवनसत्त्वाच्या न्यूनतेमुळे होतो असे मानीत. पुढे आवश्यक वसाम्ले व ब गटातील जीवनसत्त्वे यांच्या उणिवेशीही त्याचा संबंध जोडला गेला. दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच मुख्य अन्न असणाऱ्या गरीब शेतमजुरांत पेलाग्रा हा रोग आढळत असे. यात मान, हात व पाय यांवरील उन्हाला उघडी राहणारी त्वचा काळवंडून खरबरीत होते, जुलाब होतात व बुद्धिभ्रम होतो. पेलाग्रा हा मक्याचा रोग समजला जाई. तो ज्वारी खाणाऱ्यांत का होतो याचे कारण ज्वारीतील ल्यूसीन या अमिनो अम्लाच्या आधिक्यात असावे, असे हैदराबाद येथील गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले. ही उपपत्ती पुढे वादविषय झाली. निॲसीन या जीवनसत्त्वाने रुग्ण बरे होतात याविषयी मात्र दुमत नव्हते, आणि आहारात विविधता येत गेली तसतसे असे रुग्ण दुर्मिळ होत गेले. शेंगदाणे, डाळी, हिरव्या पालेभाज्या, दूध, मासे यांचा रोजच्या जेवणातील थोडा अंशही त्वचेच्या दृष्टीने कोणत्याही लेपापेक्षा मोलाचा आहे.

ऊन व हवामान : सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे त्वचेतील लवचिक तंतू झिजतात, सुरकुत्या लवकर पडतात व काळे डाग येतात. शेतकऱ्याची मान व त्याचीच नेहमी झाकलेली पाठ यांची तुलना केल्यास वयाचा भाग किती व उन्हाचा किती, हे सहज ध्यानात येते. दुपारचे ऊन टाळणे, छत्री आणि घट्ट विणीचे कापड यांइतके खात्रीचे नैसर्गिक संरक्षण दुसरे नाही; चंदन वा हळद यांच्या लेपाची त्या बाबतीतील शक्ती अल्प आहे. विदर्भ व मराठवाडा यांतील कोरड्या हवेत जे तेल उपकारक ठरते तेच कोकणच्या दमट उन्हाळ्यात घामोळे वाढवू शकते. डोक्यातील कोंड्यावर तेल थापणे हाही असाच एक गैरसमज होय. कोंडा हा बहुधा कोरडेपणामुळे नसून तेलावर पोसल्या जाणाऱ्या एका किण्वासारख्या कवकामुळे होतो. तेलाने तो काही काळ चिकटून बसतो, पुढे वाढतो.

बधिर पायांची निगा : कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी झाले म्हणजे पायाची संवेदना जाते, त्याबरोबर घर्मग्रंथींचे कार्यही थांबते. घाम नसल्याने तळपाय कोरडा ठणठणीत पडतो, त्यावर घट्टे येतात, घट्ट्यांना भेगा पडतात आणि दुखत नसल्याने रुग्णाचे तिकडे लक्ष जात नाही. या रोगात बोटे आपोआप झडतात असा समज पूर्वी होता. १९४६ मध्ये वेल्लोर येथे आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी असे दाखविले की, बोटांचा नाश रोगाने मांस कुजल्यामुळे होत नाही. तो वेदना नसलेल्या अवयवास वारंवार होणाऱ्या इजा व त्यांतील संसर्ग यांमुळे होतो. म्हणजे तो टाळता येण्यासारखा आहे. यासाठी सांगितला जाणारा उपाय अगदी घरगुती आहे. रोज पाय साध्या पाण्यात सु. २० ते ३० मिनिटे भिजवावेत, मऊ झालेला घट्टा खरबरीत दगडाने हलकेच घासावा व पाय पुसून न वाळवता, ओले असतानाच, खाद्य तेल किंवा व्हॅसलीन लावावे. ब्लँक यांच्या प्रयोगातील पाण्याचे व तेलाचे नाते येथे रुग्णाच्या दारातील घमेल्यात उतरले आहे. पाणी ऊन नसावे, कारण बधिर पायाला त्याची धग कळत नाही. ते कोपराने किंवा घरातील दुसऱ्या माणसाने पाहावे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांनाही तेल लावणे तितकेच आवश्यक असते. त्यांनी मात्र पाय बराच वेळ भिजत ठेवू नयेत, तसेच बोटांच्या बेचक्यांत तेल न लावता ती कोरडी राखावीत, अन्यथा तेथे बुरशी वाढते. खाद्य तेलाच्या वासाने रात्री उंदीर येऊन बधिर पाय कुरतडतात व सकाळपर्यंत रुग्णाला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून तेल लावलेल्या पायांवर झोपताना जाड कापड गुंडाळावे किंवा मोजे चढवावेत, असे कुष्ठसेवेतील कार्यकर्ते आवर्जून सांगतात.